बिंदुमाधवरावांची परीक्षा

११ नोव्हेंबर, सोमवार

सोडणार नाही! सत्याहत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांवर जाड भिंगं, आणि हातात स्टिअरिंग. आज डॉक्टरांनी कालिंदीचा एक्स-रे दाखवला. खुब्यात सळई घातलीय. तीन महिने पाय जमिनीला टेकायचा नाही. बिचारी कऱ्हाडहून कार्तिकस्नानाला आली होती माझ्याकडे. पाठची बहीण, पाहुणी म्हणून आली आणि खाटेवर पडली.

काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवते, उद्या कोणी विचारलं तर. गेल्या मंगळवारी बिंदुमाधवरावांनी आम्हाला सारनाथला नेलं होतं — वरच्या मजल्यावरचे, माझ्या यजमानांचे, सुमंतांचे, लहानपणापासूनचे मित्र. आमच्या दूधविनायकच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून ते ती मैदागिनजवळ एका आवारात ठेवतात. परत आल्यावर गाडी मागे घ्यायची होती. कालिंदी उतरून मागे उभी राहिली, उजव्या बाजूला, भिंतीशी. डावीकडे सगळं मोकळं. मी शेजारच्या सीटवर. मी ओरडले, हातानेसुद्धा दाखवलं की डावीकडे घ्या — आणि या गृहस्थांनी चाक फिरवलं उजवीकडे! कालिंदी गाडी आणि भिंत यांच्या मध्ये.

तो आवाज माझ्या कानांतून जात नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज खाली आले होते. दारातच उभे. ''वहिनी, गलती माझीच आहे.'' बस. पुढे एक अक्षर नाही. ऊन डोळ्यांवर आलं, पाय घसरला, काहीतरी खोटं तरी बोलायचं — भांडायला बरं पडलं असतं. मी चहाही विचारला नाही.

तेव्हापासून जुनं जुनं आठवत राहिलंय. सुमंतांना तंबाखूची सवय कुणी लावली? यांनी. आमच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हिंदीची नक्कल करून सगळ्यांना कुणी हसवलं? यांनीच. सुमंत गेले तेव्हा महिनाभर रोज भाजी आणून द्यायचे, हेही आठवलं. ते आत्ता नको.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. कार्तिकी पौर्णिमा, इथली देवदिवाळी

संकठा घाटावर कालिंदीच्या नावाने एक दिवा लावून आले. गर्दीत चेंगरून निघाले.

त्याआधी दुपारी औषधं आणायला गेले तर ई-रिक्षावाल्याने डोकं फिरवलं. मी ''दाये लो'' म्हटलं, हात केला डावीकडे, आणि तो पठ्ठ्या वळला उजवीकडे. वर मलाच ऐकवतो, ''माताजी, मुँह कुछ बोले है, हाथ कुछ.'' या गावात कुणाला दिशाच कळत नाहीत. सुमंतही लग्नापासून चिडवायचे, ''हिच्या तोंडाकडे नको, हाताकडे बघा.'' तेव्हा राग यायचा. आता कोणी चिडवत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

परिवहन कार्यालयात जाऊन आले. बिंदुमाधवरावांचं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं मागे. खिडकीवरचा बाबू भला माणूस. म्हणाला, ''उमर हो गई तो डॉक्टर का सर्टिफिकेट लगता है, माताजी. चलाके दिखाना नहीं पड़ता.''

चालवून दाखवायचं नाही! बत्तीस वर्षं मी शाळेत शिवण शिकवलं. टीप वाकडी गेली की मुलीला सगळी उसवायला लावायची आणि माझ्यासमोर पुन्हा घालायला लावायची. एक परकर बिघडला म्हणून एवढं. इथे माणसाचा खुबा मोडला आणि डॉक्टरच्या एका सहीवर आणखी काही वर्षं मोकळे!

निनादला पुण्याला फोन केला. वाटलं, पोटचा मुलगा आहे, माझ्या बाजूने बोलेल. तर म्हणतो, ''आई, म्हातारे म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधणार का? तरुण पोरं काय कमी ठोकतात? आणि सत्तरी तुझीही झाली. तुझी परीक्षा कोण घेणार?''

मी काय गाडी चालवते? फोन ठेवून दिला.

२० नोव्हेंबर, बुधवार

चिठ्ठी लिहून वर नेऊन दिली. तोंडी काही बोलायचंच नव्हतं. एक तर परिवहन कार्यालयातल्या साहेबापुढे गाडी चालवून पुन्हा परीक्षा द्या, नाही तर मी पोलिसात जाते.

त्यांनी चष्मा पुसला, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. ''ठीक आहे वहिनी. मीच जाऊन सांगतो, माझी टेस्ट घ्या म्हणून.''

मनातलं लिहूनच टाकते, हे पान दुसरं कोण वाचणार आहे. नापास व्हावेत. चारचौघांत व्हावेत. कालच्या पोरांनी हसावं. गाडी गेली की त्यांचं दर रविवारी मिर्झापूरला लेकीकडे जाणं बंद होईल. होऊ दे बंद. देवश्री वाट बघत बसेल. बसू दे. कालिंदीचं चालणं बंद झालंच ना.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कालिंदी म्हणते, ''ताई, पुरे कर आता.'' जिचं हाड मोडलं तीच त्यांची बाजू घेते! का म्हणून विचारलं, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारी परीक्षा. साहेब तयार झाले म्हणे — स्वतःहून मागणारा पहिलाच म्हातारा. मी जाणार बघायला. निळी साडी इस्त्री करून ठेवली.

२ डिसेंबर, सोमवार

दहा वाजता मैदानात पोचले. बिंदुमाधवराव आधीच आलेले, गळ्यात मफलर. मला पाहून नमस्कार केला. मी मान वळवली. रांगेत सगळी अठरा-वीसची मुलं. त्यांना बघून हसली, तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

साहेब बाहेर उभे राहून मोठ्याने सांगत होते. आधी आठचा आकडा. एकही खांब हलला नाही. मग चढावर थांबवून पुन्हा काढणं. तेही जमलं. पोरं गप्प झाली.  हे जमतं, मग त्या दिवशी काय झालं होतं?

शेवटी गाडी मागे घ्यायची. मी पुढे सरकून बसले. साहेब ओरडले, ''दाएँ काटिए, दाएँ!'' आणि बिंदुमाधवरावांनी घेतली की हो उजवीकडे! अगदी त्या दिवशीसारखी! मी उठूनच उभी राहिले. खिडकीवरचा तो बाबू बाजूला होता, त्याला म्हटलं, ''देखा? चुकले! साहेब दाये बोले और ये उलटा गया!''

बाबू माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. ''उलटा कहाँ, माताजी. दाहिना तो उधर ही है.''

''उधर कैसे?''

त्याने आपला जेवायचा हात वर करून दाखवला. ''ये दायाँ.''

लोक माझ्याशी उगीच वाद घालतात. पास झाल्याचं जाहीर झालं तेव्हा मी तिथे नव्हते. पायीच निघाले होते, ऊन फार होतं.

३ डिसेंबर, मंगळवार

डोकं दुखतंय. काही लिहायचं नाही.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी दाराखालून पाकीट सरकवलेलं. आत त्यांचं लायसन्स. सोबत चिठ्ठी, मोठ्या मोठ्या अक्षरांत: ''वहिनी, पास झालो. तरी हे तुमच्यापाशी असू द्या. तुम्ही द्याल तेव्हाच गाडी काढीन.''

म्हणजे मी जिंकले. हेच तर हवं होतं मला. लायसन्स शिवणाच्या डब्यात ठेवलं, कात्रीखाली. जेवण गेलं नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळपासून एकच करतेय. आरशासमोर उभी राहते, डावा हात वर करते आणि तोंडातून शब्द काढते. दर वेळी ''दाये''च येतो.

६ डिसेंबर, शुक्रवार

कालिंदीची वेणी घालताना विचारलं. तिच्या पाठीमागे होते म्हणून विचारता आलं. ''त्या दिवशी मी काय ओरडले होते गं?''

तिने हातातला कंगवा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, ''दाये. दाये घ्या, दाये घ्या. हात डावीकडे होता तुझा, मला मागच्या काचेतून दिसला. ते मान वळवून मागे बघत होते, ताई, पण माझा कोपरा त्यांना दिसत नव्हता. त्यांना तुझं तोंड ऐकू आलं, हात दिसला नाही.''

''आणि तू इतके दिवस —''

''त्यांनीच हात जोडले, दवाखान्यात. म्हणाले, वहिनींना कळू देऊ नका. मनाला लावून घेतील, आणि चिडवून हसवायला आता सुमंत नाही.''

वेणी अर्धीच राहिली. डब्यातून लायसन्स काढलं आणि जिना चढले. त्यांनी दार उघडलं. काय बोलायचं ते पायरी-पायरीला जुळवलं होतं, पण तोंडातून एक शब्द फुटेना. नुसता हात पुढे केला.

या वेळी त्यांनी हाताकडे पाहिलं.