गिरणी आळीखाली नको

कार्तिक वद्य ३, शके १८३४

आळीखाली गिरणी येणार! लाकडं कापायची, वाफेच्या इंजिनाची. मुंबईचे कोणी शेठजी घालणार. मला कळलं ते विहिरीवर, बायकांच्या तोंडून — आणि जागा हेरली आमच्याच घरच्यांनी! हे त्या शेठजींचेच कारकून. जाताना एवढंच म्हणाले, "मोखाड्याकडे जातोय. दिवस लागतील."

घरात माणसं दोन. त्यातलं एक सदा रानात.

वद्य ५

आज घर भरलं! समोरच्या वैद्यांच्या पुष्पावतीबाई आल्या, आणखी चौघींना घेऊन. मी लग्न होऊन जव्हारात आले तेव्हापासून त्यांनी कधी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. "धूर, भोंगा, परकी माणसं! लेकीसुनांनी पाण्याला जायचं कसं? तुमच्या यजमानांना सांगा काहीतरी."

गूळपोहे केले. दिवेलागणीपर्यंत बसल्या. खरं लिहिते — गिरणीची भीती मला वाटलीच नाही. त्या उठू नयेत, एवढंच वाटत होतं.

वद्य ८

पोशी मोळी घेऊन आली. जामसरच्या वाटेवर ओढ्याकाठी तिचा पाडा. मोळी टाकली की परसात बसते, घटकाभर बोलते. सगळ्यांना 'तू'च म्हणते ती, मलाही. आळीला ते खटकतं. मला बरं वाटतं.

गिरणीचं सांगितलं तर हसत सुटली. "लाकडां कापाला यंतर? माझा सोम्या काय मेला?" सोम्या तिचा नवरा. मग माजघरात डोकावून म्हणाली, "एवढे घरात एकली कशी राहास गं बाय? भ्या नाय वाटं?"

नाही म्हटलं. ती गेल्यावर रडले.

वद्य ११

रोज आमच्याकडे बैठक! पुरुष ओटीवर, आम्ही आत. बळवंतराव पेन्शनर सगळ्यांत मोठ्यांदा बोलतात — "गिरणी आळीखाली नको म्हणजे नको!" पुष्पावतीबाईंनी माझा हात हातात घेतला. "आमची सगळी भिस्त आता तुमच्यावर."

हात किती वेळ ऊबदार राहिला!

अमावास्या

हे आले. पान वाढतानाच विषय काढला. "आळीखाली नको."

"मग कुठे? पाणी पाहिजे, गाडीवाट पाहिजे."

"जिथं कोणी राहत नाही तिथं न्या."

भात कालवून घेतला. मग म्हणाले, "जामसरकडे ओढ्याकाठी माळ आहे एक. तिथं तसं कोणी नाही."

'तसं' म्हणजे कसं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण ह्यांनी माझं ऐकलं! पहिल्यांदाच ऐकलं. त्या आनंदात होते.

मार्गशीर्ष शुद्ध ४

शेठजी कबूल झाले. आळीत पेढे वाटले. पुष्पावतीबाईंनी दारातूनच हातावर पेढा ठेवला. "बसत नाही हो, घाईत आहे."

शुद्ध ९

कोणी नाही. ओटीवरची जाजमं गुंडाळून ठेवली. विहिरीवर पुष्पावतीबाई भाचीच्या लग्नाचं बोलत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा तिकडेच वळल्या.

हे नव्या जागी गेलेत — माळ साफ करून घ्यायला. पोशीही आली नाही.

शुद्ध १२

मोळी आज काळ्याने आणली. पोशीच्याच पाड्यावरचा. पोशी कुठे, विचारलं. मोळी उतरवता उतरवता म्हणाला, "घरां मोडली ना आमची. माळ शेठचा झाला. खळ्यावरचा भात पण हालवाला नाय दिला. तुझा घरधनीच उभा होता."

तशीच समोर धावले. पुष्पावतीबाईंना सांगितलं. बळवंतरावांना बोलवा म्हटलं, सगळ्यांना घेऊन जाऊ, शेठजींना सांगू. त्या तांदूळ निवडत होत्या. "अगं बाई!" म्हणाल्या. मग एक खडा बाजूला टाकून, "पण ती रानातली माणसं. दुसरीकडे घालतील खोपटं. तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"

बळवंतरावांकडे मीच गेले. ते झोपलेत म्हणून आतूनच कळवलं. भरदुपारी नाही — सकाळी!

आज जेवले नाही.

पौर्णिमा

पोशी आली. सोबत सोम्या, पोरं, म्हातारी सासू. मी परसातच सगळं सांगून टाकलं — जागा मी बदलायला लावली, मी! ती उभ्यानेच ऐकत होती. माझ्याकडे बघेसुद्धा ना. मग म्हणाली, "म्हातारीला हिव भरलांय. तिला आधी आत घे."

माजघरात घेतलं सगळ्यांना. समोरच्या ओट्यावर आळी जमली आहे. हे उद्या येतील.