औशात तारा गेलाच नाही

१२ जानेवारी, रविवार

"डुलकी लागली असेल, ताई." आमच्या आकाश बघणाऱ्यांच्या ग्रुपचे हणमंतराव असं म्हणाले. सगळ्यांच्या देखत! कडाक्याच्या थंडीत दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या बाईला डुलकी!

काल संध्याकाळी एक लघुग्रह — म्हणजे आभाळातला दगडच — एका ताऱ्यासमोरून जाणार होता. त्याची सावली आमच्या भागावरून सरकणार आणि तारा दोन-चार सेकंद विझणार. ठरल्याप्रमाणे माझा दीर वीरेश लातूरला घराच्या गच्चीवर, हणमंतराव खाली किल्लारीला आणि मधोमध मी, औशाला, बसम्मामावशीच्या माळवदावर. वीरेशचा तारा गेला. हणमंतरावांचा गेला. माझा गेलाच नाही. दोन्हीकडे गेला आणि मधे नाही, म्हणजे चूक माझीच! वीरेश म्हणतो, "वहिनी, दुसराच तारा धरला असंल तुमी." ह्याला दुर्बीण रोखायला कुणी शिकवलं? मी!

१३ जानेवारी

पद्धत हणमंतरावांनीच घालून दिलेली. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं. तारा दिसतोय तोवर "हाय, हाय" म्हणत राहायचं, विझला की "गेला" म्हणायचं. कुणाला खरंच डुलकी लागली तर लगेच कळतं.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत "हाय" आहे. मधे बसम्मामावशीही आहे — "काय हाय-हाय करायलीस गं, कोन मेलं का?" तरी मी थांबले नाही. आज हणमंतरावांना फोन केला, म्हटलं ऐका तरी. तर म्हणतात, "राहू द्या ताई. तुमाला कायच दिसलं न्हाई, त्यात काय ऐकायचं?"

काहीच दिसलं नाही? अहो, तारा दिसत होता! सारखा दिसत होता! आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं या माणसाने, आणि आपल्याला हवं ते दिसलं नाही म्हणून दिसलेलं मोडीत काढतो. रात्रीचं जेवण गेलं नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

१४ जानेवारी, संक्रांत

अशा नोंदी जमवणाऱ्या संस्थेकडे हणमंतरावांनी अहवाल पाठवला. त्यात वीरेश आणि हणमंतराव. माझं नाव नाही, औशाचंही नाही. जसं काही मी त्या दिवशी मावशीकडे हुरडा खायला गेले होते! वर हणमंतरावांनी ग्रुपवर तिळगुळाचं चित्र टाकलंय.

दुपारी वीरेश वाटी घेऊन आला. "गोड बोला, वहिनी." बोलले मग मी. चांगलंच बोलले. त्याचं तोंड एवढंसं झालं, पण मला दया आली नाही. त्याच्या डोळ्यांदेखत मोबाइल काढला आणि रेकॉर्डिंग पुसून टाकलं. पुसलेलं परत आणता येतं म्हणे, तर तिथूनही काढून टाकलं. वीरेश म्हणाला, "कशाला, वहिनी? राहू द्यायचं की." म्हटलं, काहीच नाही ना त्यात? मग कशाला ठेवू?

बरं वाटलं.

१५ जानेवारी

दुर्बीण जुन्या चादरीत बांधून दिवाणाखाली ढकलली. सुटले!

१८ जानेवारी

ग्रुप सोडला. कुणी का म्हणून विचारलंही नाही.

२३ जानेवारी

पिकोच्या मशीनवर बसले होते. हणमंतराव दुकानात आले, मागे वीरेश. टोपी हातात घेऊन म्हणाले, "चुकलो, ताई." ज्यांना अहवाल पाठवला त्यांचं म्हणणं आलंय — दोन्हीकडे तारा फारच थोडा वेळ झाकला गेला. लातूरपासून किल्लारीपर्यंत सावली पडेल एवढा रुंद एकच दगड असता तर आणखी वेळ झाकला असता. दोन दगड असावेत, शेजारी शेजारी. मग मधल्या फटीतून तारा दिसतच राहणार, आणि ती फट बरोबर औशावर येते. तिथं कुणी होतं का, असं त्यांनी विचारलंय.

"तुमचं ते हाय-हाय तेवढं द्या, ताई. त्याच्यावरच समदं हाय."

वीरेश खाली बघत उभा होता. मी ते पुसल्याचं त्याने हणमंतरावांना सांगितलंच नव्हतं.