टोबिनच्या नावाचं पाकीट

बेल्स फोर्ड
७ ऑक्टोबर २०२४

प्रिय कोरिन,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते गाणं थोडंच म्हणणार आहेत! थंडी अजून पडलेली नाही. मागच्या ओढ्याला पाणी कमी आहे, मासे खोल जाऊन बसलेत. जुनी शिकारी पॉइंटर कुत्री तुला आठवत असेल, ती गेली. तिची पोर आहे, पण ती कामाची कमी आणि लाडाची जास्त.

आता कामाचं. मंगळवारी तू आपल्या लावा-राखण मंडळाच्या नंबरावर फोन केला होतास, तो हॉइटनं घेतला. बिचारा अध्यक्ष झाल्यापासून त्याला वाटतं, फोन म्हणजे वर्गणीचाच असणार. तू म्हणालीस, 'माझ्या मुलाच्या नावानं तुमचं पत्र आलंय, तो नऊ वर्षांपूर्वी वारला, नाव काढून टाका.' हॉइट सांगत होता, आवाज ओळखायला त्याला तेवढाच वेळ लागला जेवढा तुला फोन ठेवायला. मग तो गाडी काढून इथे आला आणि माझ्या स्वयंपाकघरात बसला. थंड झालेले दोन बिस्किट-पाव त्यानं ग्रेव्हीशिवायच खाल्ले आणि गेला.

मंडळाचा चिटणीस या नात्यानं तुझी माफी मागतो. झालं ते असं. शिकारीचा नि मासेमारीचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांची नावं-पत्ते राज्याचं वन्यजीव खातं आता आमच्यासारख्या संस्थांना देऊ शकतं. मागच्या वर्षी तसा कायदा झाला. ज्या गावच्या खिडकीवर परवाना काढला, त्या गावच्या शाखेकडे ते नाव येतं, मग माणूस राहायला कुठेही असो. आमची यादी ऑगस्टमध्ये आली. त्यातली जी पोरं यंदा सोळाची झाली, त्यांना आम्ही लावा पक्ष्यांना आसरा म्हणून गवत पेरायच्या शनिवारचं आमंत्रण पाठवलं. टोबिनचा जन्मभराचा परवाना मी तो पाच दिवसांचा असताना काढला होता, ते तुला माहीत आहे. इथले आजे दुसरं काय करणार, पाळणा नंतर आणि परवाना आधी. तो परवाना कुणी रद्द केला नाही, म्हणून नाव यादीत राहिलं. यादी मोठी असते, पाकिटं शेकड्यानं जातात. कुणाच्या लक्षात आलं नाही.

चूक झाली खरी. पण तू आमच्यावर फार रागावू नकोस. लावे उरले नाहीत, कोरिन. पूर्वी अंगणात उभं राहिलं तरी त्यांची शीळ यायची. आता सबंध कुरण पालथं घातलं तर एखादा थवा. मंडळात आम्ही एकोणीस म्हातारे उरलोत आणि दर हिवाळ्यात त्यातला एखादा गळतो. नवी माणसं कुठून आणायची, म्हणून ही यादी.

तुझ्या नोकरीचं बरं चाललं असेल. तिकडे ओहायोत बर्फ लवकर पडतो म्हणतात.

काळजी घे.

वर्लिन स्ट्राउड
चिटणीस, लावा-राखण मंडळ, बेल्स फोर्ड शाखा
(तुझा डॅडी)


बेल्स फोर्ड
२१ ऑक्टोबर २०२४

कोरी,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. दोनच ओळी आहेत, पण मी त्या दोन दिवस वाचतोय. 'पाकिटावर अक्षर तुझं होतं, डॅडी. पुन्हा खोटं बोलू नकोस.'

बरं. नाही बोलत.

पाकिटं मी हातानं लिहितो. ती माझीच युक्ती. छापील पत्त्याचं पाकीट माणूस न उघडता टोपलीत टाकतो, हातानं लिहिलेलं असलं की वाटतं, कुणीतरी आपलं माणूस आहे. हॉइट मला हसायचा. म्हणायचा, 'वर्लिन, तू देवाघरी गेलास तरी दारातच सभासद करायला बसशील.' सोळा वर्षांची पोरं चव्वेचाळीस होती, चव्वेचाळीस पाकिटं मी या टेबलावर लिहिली. तेव्हा 'कुणाच्या लक्षात आलं नाही' हे मी तुला लिहिलं, ते साफ खोटं. यादी आली त्या दिवशीच मी त्याचं नाव पाहिलं. तिसऱ्या पानावर होतं. बोट ठेवून बसलो होतो, कॉफी गार होईस्तोवर.

आणि त्यापुढे पत्ता होता, तो ओहायोतल्या डेटनचा. तू कुठे आहेस हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. खात्याकडून नियमांचं पुस्तक दर उन्हाळ्यात टोबिनच्या नावानं इथेच यायचं. तो गेल्यानंतर एकदा आलं, मग यायचं थांबलं. मी समजलो, तू नाव काढून टाकलंस. मनात म्हटलं, बरं केलं पोरीनं, माझ्यानं ते झालं नसतं. पण तू काढलं नव्हतंस. तू फक्त पत्ता बदलला होतास. म्हणजे नव्या घरात गेल्यावर बसून तू तो कागद भरलास, त्याचं नाव लिहिलंस, आणि पुस्तक आता इकडे पाठवा म्हणून कळवलंस.

का, ते मी विचारत नाही. मला कळलं असं वाटतं, आणि नसेल कळलं तर ते तुझं तुझ्यापाशी राहू दे.

पण ते पाकीट मी पाठवायला नको होतं. एवढी अक्कल मला होती. यादी घेताना मी सही केलीय की हे पत्ते फक्त पक्ष्यांच्या कामासाठी, स्वतःच्या कुठल्याही कामाला वापरणार नाही. सही करून महिना झाला नाही तोवर वापरला. तुला स्वतःच्या नावानं पत्र लिहायची माझी छाती नव्हती, म्हणून मी मेलेल्या पोराच्या नावानं लिहिलं. म्हटलं, ती माझं अक्षर ओळखेल, काहीतरी होईल. शिव्या घालेल, पण फोन करेल. तू फोन केलासही, आणि तो हॉइटनं उचलला. मंडळाचा फोन एरवी मीच घेतो, पण तेव्हा कुत्रीला घेऊन बाहेर गेलो होतो. माझं नशीब नेहमी असं वक्तशीर.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तो कायदा व्हावा म्हणून मी राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांसमोर बोललो होतो. स्वच्छ शर्ट घालून, तुझ्या आईनं घेतलेला टाय लावून. तिथे एक बाई उठली. म्हणाली, नावं वाटता आहात, पण एखाद्याला कुणी शोधू नये असंच वाटत असेल तर? मी माइकवर म्हणालो, 'बाई, एका पत्रानं कुणाचं काय बिघडतं?' सगळे हसले. मीही हसलो. ती बाई खाली बसली. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही, नाहीतर तिलाही एक पत्र लिहिलं असतं, आणि पुन्हा तेच, पत्ता कुठून आणणार.

आता ते. नऊ वर्षं मी ज्याच्या भोवतीनं चाललोय ते.

टोबिन शहरातल्या इस्पितळात होता. त्याचा बाप कधीच पसार झालेला, तुला मीच काय तो होतो. आठवडाभर आपण दोघं आळीपाळीनं त्या खुर्चीत बसत होतो. शुक्रवारी संध्याकाळी मी उठलो. उद्या शिकारीच्या हंगामाचा पहिला शनिवार आहे, म्हणालो, एक सकाळ जाऊन येतो, दुपारी परत. तू इतकी दमली होतीस की मान तरी हलवलीस का, मला आठवत नाही. आपल्याकडे पहिला शनिवार म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लोक लग्नं पुढे ढकलतात. पाद्रीसुद्धा त्या दिवशी कुणाला मरू देत नाहीत, असं माझे वडील म्हणायचे. मी हे सगळं माझ्या बाजूनं धरलं आणि दोन तास गाडी चालवून घरी आलो.

शनिवारी सकाळी साडेआठला मी काटेरी कुंपणापाशी उभा होतो. कुत्री पाय उचलून थवा दाखवत होती. त्याच वेळी तो गेला.

आणि मग चर्चमध्ये मी काय बोललो? शवपेटीशेजारी उभा राहून, साऱ्या गावासमोर? म्हणालो, 'टोबिननंच मला पाठवलं. म्हणाला, जा आजोबा, पहिला दिवस चुकवू नका.' बायका रडल्या. हॉइट रडला. लोक अजून ती गोष्ट सांगतात, मंडळाच्या जेवणात दरवर्षी कुणी ना कुणी ती काढतंच, आणि मी मान खाली घालून ऐकतो, जसं काही दुःख होतंय.

तो काहीच म्हणाला नव्हता. तो झोपलेला होता, तोंडात नळी होती. तुला ते माहीत होतं, तू तिथेच बसली होतीस. चर्चमध्ये पहिल्या बाकावरून तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हाच मला कळलं की आपलं संपलं. चार दिवसांत तू घर सोडलंस. गावाला वाटलं, पोरगी दुःखानं वेडी झाली, बापालाही टाकून गेली. मी कुणाला काही सांगितलं नाही. लोकांनी माझी कीव केली आणि मी ती करू दिली.

मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, कोरी. एवढंच होतं ते. त्याचे हात इतके बारीक झाले होते की मला धरायची भीती वाटायची. शनिवार हे निमित्त होतं. तो शनिवार नसता तर मी गोठ्याच्या छपराचं काम काढलं असतं, दुसरं काही. मी भित्रा निघालो. सात वर्षांचं पोर घाबरलं नाही आणि मी पळालो, आणि वर त्याच्याच तोंडी शब्द घातले. आता हे पाकीट. दुसऱ्यांदा मी त्याच्या आड लपलो.

तुला वाटेल, त्यानंतर मी शिकार सोडली असेल. नाही सोडली. दरवर्षी पहिल्या शनिवारी गेलो. तेही सांगून टाकतो, म्हणजे माझ्याबद्दल उगाच बरं मत व्हायला नको.

काल मंडळाची बैठक झाली. मी सगळ्यांना सांगितलं, यादीचं आणि चर्चचंही. खुर्च्या तेवढ्या करकरल्या. मग हॉइट म्हणाला, 'नऊ वर्षं मी ती गोष्ट माझ्या नातवंडांना सांगतोय, वर्लिन.' एवढंच म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. चिटणीसपद सोडलं. खात्यालाही लिहून कळवलंय की शाखेच्या माणसानं पत्ता खाजगी कामाला वापरला, तो मी. आमच्या शाखेला यापुढे यादी मिळणार नाही बहुतेक. एकोणीस म्हातारे आणि एवढेसे लावे, त्यांचं मी हे केलं. ज्यांच्यासाठी टाय लावून गेलो होतो त्यांचंच.

सोबत खात्याचा कागद आहे, नाव काढायचा. तो मी भरू शकत नाही, मी नुसता आजा. आईची सही लागते. तू फोनवर काढा म्हणालीस, म्हणून पाठवतोय. पण भरलाच पाहिजे असं नाही. तो कागद नुसता पडून राहिला तर कुणाचंही काही अडत नाही. नियमांचं पुस्तक येत राहील. तुझा निर्णय, आणि त्यात मला काही विचारू नकोस. विचारणार नाहीसच.

यादी आज परत जाते आहे. हॉइटनं सकाळी येऊन ती माझ्यासमोर पाकिटात घालून चिकटवली, माझ्यावर त्याचा आता विश्वास नाही आणि ते रास्त आहे. तिसरं पान मी उतरवून घेतलेलं नाही. तुझा पत्ता या घरात कुठेही लिहिलेला नाही.

पाठ झालाय, हे मात्र खरं. घर क्रमांक, रस्ता, सगळं. विसरायचा म्हटलं तर विसरता येत नाही. पण तो तू मला दिलेला नाहीस, म्हणून तो माझा नाही, आणि या पत्रानंतर त्यावर मी एक अक्षरही पाठवणार नाही. तू आजारी पडलीस असं कानावर आलं तरी नाही. मी मरायला टेकलो तरी नाही.

तू स्वतः दिलास, तरच लिहीन.

तुझा डॅडी