दगडी कोटाचं अर्धं पान

३ मार्च १९७५, सोमवार

आज बसने आलं ते: मक्याचं पीठ, मोठी गोणी — १ डॉलर ९० सेंट. रॉकेल, बाटलीभर — १४ सेंट. कपड्याचा साबण, लांब वडी — २२. मीठ — ५. हमाली वाचली, सेकेसाईने आणि मी मिळून गोणी उचलली. आणि ह्यांचं एक पुस्तक — ३ डॉलर ६० सेंट! शाळा देणार नाही म्हणून स्वतःच्या पगारातून!

 मी नुसतं गोणीकडे पाहिलं आणि पुस्तकाकडे पाहिलं. हे म्हणाले, "सेकेसाईची आई, आदिमानवापासून चंद्रावर गेलेल्या माणसापर्यंत सगळं जग आहे ह्यात. साडेतीन डॉलरात जग महाग का?" मी म्हटलं, "तीन साठ."

जेवताना पुस्तक मांडीवर. मिसर, बाबिलोन, चीन, रोम — पानंच्या पानं, चित्रांसकट. मग एका ठिकाणी हे थांबले, मक्याच्या साड्झाचा घास हातात तसाच. आमच्या गावाजवळच्या झिंबाब्वेच्या दगडी कोटांवर अर्धं पान. मलाही वाचायला दिलं. "या भिंती कोणी बांधल्या हे अज्ञात आहे. उत्तरेकडून आलेल्या एखाद्या प्रगत लोकांनी बांधल्या असाव्यात. स्थानिक टोळ्यांना अशी विद्या अवगत नव्हती."

"स्थानिक टोळ्या म्हणजे तू आणि मी," हे म्हणाले आणि हसले. घास परत ताटात ठेवला. ते हसू मला आवडलं नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

५ मार्च

हेडमास्तर ग्वाटिड्झो संध्याकाळी आले. अंगणातच उभे राहिले, चहा नको म्हणाले. "मोयो," ह्यांना कुळाच्या नावाने हाक मारली, म्हणजे गोष्ट गंभीर. "वर्गात म्हणालास म्हणे, ते अर्धं पान सोडा, आपण शनिवारी चालत जाऊन डोळ्यांनी पाहू?"

"चालायला बंदी आहे का?"

"अरे बाबा, मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. तुझ्या पणज्याने भिंत बांधली असेल, पण माझं पेन्शन त्या भिंतीवर नाही."

हे हसले, तेही हसले. मी आत भांडी घासत होते. पलीकडच्या मिशनमधल्या एका मास्तरांना गेल्या वर्षी गोऱ्या सरकारच्या पोलिसांनी नेलं ते अजून कुठे आहेत कोणाला माहीत नाही. त्यांची बायको दर महिन्याला डबा घेऊन पोलीस ठाण्यात जाते आणि डबा परत आणते.

६ मार्च, गुरुवार

आज बायकांची प्रार्थना. मंडळाचा लाल ब्लाउज, पांढरी टोपी. टोपीला इस्त्री केली, निखारे चुलीतलेच.

आमच्यात मनातल्या मनात मागणं नाही. गुडघे टेकायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने, जिचं दुःख तिने, रडून, नावं घेऊन. तेव्हाच हलकं होतं. मीही खूप रडले. म्हटलं — देवा, माझ्या नवऱ्याच्या जिभेला आवर घाल. कोट आपल्या वाडवडिलांनी बांधले असं तो पोरांना सांगतो, ते खरं असेल, पण देवा, तुला माहीत आहे तेवढं पुरे, सरकारला कळायला नको.

घरी येताना बरं वाटलं. भोपळ्याचा पाला तोडून आणला, फुकट.

८ मार्च, शनिवार

गेलेच. सेकेसाईपण — ती त्याच वर्गात. मी भाजलेलं मक्याचं कणीस बांधून दिलं आणि दिवसभर वाटेकडे पाहिलं.

सूर्य मावळायच्या आत परत आले. सेकेसाई बोलायची थांबेना. आई, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड! बाबांनी आम्हाला खाली ओढ्यापाशी तसंच रचायला लावलं, माझी रांग पडली नाही! आजी वाफ्याला बांध घालते तसंच आहे ग ते, नुसतं खूप मोठं!

मग म्हणाली, डोंगरावर चढण्याआधी बाबांनी सगळ्यांना खाली बसवून टाळ्या वाजवायला लावल्या — पूर्वजांची परवानगी म्हणून. मी ह्यांच्यावर खवळले. "डोंगराला टाळ्या? बाप्तिस्मा झालाय तुमचा!"

"मामाच्या अंगणात शिरताना वाजवतेस ना टाळ्या? ती पूजा असते का?"

"मामा जिवंत आहे."

"मग मेल्यावर मान द्यायचा नाही?"

 तेवढ्यात सेकेसाई म्हणाली, तिथला पहारेकरी झाडाखाली उभा राहून सगळं बघत होता. मी उठून दार लावून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

नेलं.

जीप सकाळी आली. एक गोरा अधिकारी गाडीतच बसून राहिला. सार्जंट आपल्यातलाच, दाराशी उकिडवा बसून रीतसर टाळ्या वाजवल्या, "वहिनी, रात्र बरी गेली ना?" मीही सवयीने टाळ्या वाजवून उत्तर दिलं, "तुमची गेली तर आमची गेली." मग म्हणाला, "मास्तरांशी जरा बोलायचं आहे, स्वेटर द्या बरोबर, तिकडे गारवा आहे."

मार्च महिना आहे. कसला गारवा! स्वेटर देताना कळलं, आज परत आणणार नाहीत.

हे जाताना सेकेसाईला म्हणाले, "गृहपाठ पूर्ण कर." दुसरं काही नाही.

१३ मार्च

प्रार्थनेला गेले नाही. जीप म्हणून जो जो आवाज येतो तो पिठाच्या गिरणीचा असतो.

१५ मार्च, शनिवार

आले! चालत आले, हमरस्त्यावर सोडलं. मार नाही म्हणतात. पण पेला धरताना दोन्ही हात लागतात.

सांगितलं ते लिहून ठेवते. टेबलापलीकडच्या माणसाकडे एक कागद. त्याने वाचून दाखवलं. टाळ्या वाजवून राजकीय सभा घेतली — हे पहारेकऱ्याचं. "आणि मग म्हणाला, तुझ्या जवळचेच म्हणतात की तुझ्या जिभेला आवर घालायला हवा. खरं असेल, पण सरकारला कळायला नको, असंही म्हणतात." हे कपाळ चोळत राहिले. "ग्वाटिड्झो. त्याच्याशिवाय कोण? अंगणात उभं राहून गोड बोलून गेला."

मी चुलीत फुंकर घालत होते. तशीच फुंकत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते धुराचं आहे असं त्यांना वाटलं.

माझे शब्द. जसेच्या तसे. लाल ब्लाउजातली कोण? पाळकबाई माझ्या उजवीकडे होती. डावीकडे दुकानदारीण. मागे कोण होतं ते आठवतच नाही. रडताना डोळे मिटलेले असतात.

१६ मार्च, रविवार

चर्चमध्ये हेडमास्तरांनी हात पुढे केला. ह्यांनी तो पाहिला आणि बाकावर जाऊन बसले. सगळ्यांसमोर. म्हातारा हात तसाच धरून उभा. मला ते बघवेना.

दुपारी सांगून टाकलं. "ते शब्द माझे होते. गुरुवारचे. मी देवाला सांगितले."

 हे म्हणाले, "म्हणजे देवाच्या आधी पोलिसांनी ऐकलं." आणि लगेच टोपी घालून हेडमास्तरांकडे माफी मागायला गेले.

परत आले तेव्हा बाकीचं सांगितलं, जे काल सांगितलं नव्हतं. उद्या तपासनीस येऊन वर्गात बसणार. ह्यांनी ते अर्धं पान मोठ्याने वाचायचं आणि तसंच शिकवायचं. नाहीतर आता नेतील ते सोडणार नाहीत.

"मग वाचा," मी म्हटलं.

"त्या पोरांनी आपल्या हातांनी रांगा रचल्या आहेत."

मी त्यांचे पाय धरले. खरंच धरले, अंगणात, शेजारी बघत असताना. म्हटलं, भिंती इतकी शतकं उभ्या आहेत, तुमच्या वाचण्याने पडणार नाहीत. तुम्ही पडाल! सेकेसाई दारात उभी होती. मी तिला आत जा म्हटलं. ती गेली नाही.

शेवटी हे म्हणाले, "बरं."

१७ मार्च, सोमवार

झालं! देवाची कृपा! वाचलं, तपासनीस खूश झाला, जीप गेली!

ह्यांच्याकडून तुकड्या-तुकड्याने काढून घेतलं. वाचून झाल्यावर तपासनीसाने बोट दाखवून एका मुलीला उभं केलं. तिचं आडनाव त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. सेकेसाईच. "सांग, भिंती कोणी बांधल्या?"  ती बापाकडे बघत स्पष्ट आवाजात म्हणाली, "अज्ञात आहे सर. स्थानिक टोळ्यांना विद्या अवगत नव्हती." आणि बसली. "शाब्बास" म्हणाला तो.

शहाणी माझी पोर! मी कोंबडी कापली, अंडी देणारी होती तरी. शेंगदाण्याचं कूट घालून रस्सा केला. हे दोन घास जेवले. सेकेसाईने हातही लावला नाही.

ताटं उचलताना म्हणाली, "आई, मी खोटं बोलले ते तुला आवडलं?"

"आवडलं! शंभरदा आवडलं! बाप घरात बसलाय ना तुझा?"

"बसलाय," ती म्हणाली. "बाबांकडे बघ ना एकदा."

मी बघितलं नाही. भांडी पडली होती.

१८ मार्च

सेकेसाई मुकी. सांगितलं ते काम करते. पाणी भरलं, न सांगता सरपणही आणलं, आठवडाभर पुरेल एवढं. म्हटलं, राग गेला वाटतं. ह्यांनी आज वर्गात पुढचा धडा घेतला. रोम.

भीती थोडी कमी झाली आहे. आज जेवण गेलं.

१९ मार्च, बुधवार

सकाळी शाळेला म्हणून निघाली ती वर्गात पोचलीच नाही. हेडमास्तर धावत आले तेव्हा कळलं. वरच्या वर्गातल्या दोन मुलीही नाहीत. म्हातारा दाराच्या चौकटीला धरून उभा. "पोरं पूर्वेकडे जातात हल्ली, वहिनी. सीमेपलीकडे. बंदुका शिकायला, गोऱ्यांशी लढायला."

मी म्हटलं, चौदा वर्षांची आहे ती!

घरात पाहिलं. पुस्तकं इथेच. जादा फ्रॉक इथेच. रविवारचे बूट नेलेत.

हे बाहेर ओट्यावर बसलेत. 

२० मार्च

पोलिसांत जाता येत नाही. गेलं तर ती कुठे गेली ते आपणच सांगितल्यासारखं. प्रार्थनेलाही जाता येत नाही. आज गुरुवार. लाल ब्लाउज खुंटीवर आहे.

उमटालीला, सीमेजवळ, माझा भाऊ होसेया राहतो, रेल्वेत आहे. पत्रं फोडून वाचतात, म्हणून एवढंच लिहिलं:

होसेयादादा, आम्ही सगळे सुखरूप. ह्यांची तब्येत बरी. तुझ्याकडे आमच्याकडची पाहुणी आली असेल तर तिला जेवायला घाल आणि पुढे जाऊ देऊ नकोस. म्हणावं, तिच्या बाबांकडे मी बघितलं. उलट टपाली कळव.