जुन्या काडतुसासाठी नवी रायफल

बुधवार, ३ मे. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. वही राइलीनं आणून दिली. म्हणाली, "मला जे दिवसभर सांगतोस ना वेयो, ते यात लिहीत जा." बत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला माझ्या विचारांचं मोल कळलं.
विषय एकच. आमचं त्रेपन्न. आजोबा ज्याच्यावर लढाई लढले आणि वडिलांनी ज्याच्यावर चाळीस मूस (घोड्याएवढी रानटी हरणं) पाडले, ते काडतूस. गावच्या दुकानात आजही नवं कोरं मिळतं. पण ते घालायला नवी रायफल? एकही कारखाना बनवत नाही. काडतूस या वर्षीचं, बंदूक ऐंशी वर्षांची. फौजेतून निवृत्त झालं म्हणून त्याला कोणी नवं घर देऊ नये?
संकल्प: कारखान्याला पत्र. मंडळात भाषण. ऑक्टोबरच्या शिकारीला माझ्या खांद्यावर नवी रायफल. रोज अर्धा तास चालणं (हा राइलीचा).

सोमवार, ८ मे.
पत्र टाकलं. अकरा पानं. राइलीनं वाचलं. म्हणाली, "काडतूस पाचव्या पानावर येतं. तोवर तूच आहेस." पार्श्वभूमी लागते, म्हटलं.
चालणं: पोस्टापर्यंत. मोटारीनं, कारण पाकीट जड होतं.

शनिवार, २० मे.
हौकिवारा शिकार मंडळाची वार्षिक सभा. हजर एकोणीस. चाळीस मिनिटं बोललो. त्रेपन्नचा धक्का कमी, मार पुरेसा, इतिहास आपला. आताची नवी काडतुसं वेगळं काय करतात? नुसती फॅशन. जुन्या बंदुकांवर दुर्बीण नीट बसत नाही, सेफ्टी तर देवाच्या भरवशावर. दोष बंदुकीचा, शिक्षा काडतुसाला.
पेंत्ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होता. शिकारीत त्याची जागा माझ्या शेजारी, अकरा वर्षं. विचारात बुडाला की तो असाच बघतो.
आमची प्रमुख हेली. जंगलात लाकूडतोडीचं यंत्र चालवते. शाळेत माझ्या धातुकामाच्या वर्गात होती, अजून मला सर म्हणते. तिनं विचारलं, "सर, गोळी लागल्यावर आजवर कुठल्या मूसनं विचारलंय, ही कुठल्या काडतुसातली म्हणून?" आणि वर, "माझं तीनशे आठचं काडतूससुद्धा फौजेच्याच घराण्यातलं आहे." मुद्दा गैरलागू.
बाकी कोणी चकार शब्द काढला नाही. कॉफी प्यायले, घरी गेले. म्हणजे ठराव एकमतानं मंजूर.

शनिवार, १० जून.
नेमबाजीची परीक्षा. दर तीन वर्षांनी द्यावी लागते, माझी मुदत यंदा संपते. पास नाही तर मूसवर गोळी झाडता येत नाही. पंचाहत्तर मीटरवर कागदी मूस, दीड मिनिटात चार गोळ्या, चारही जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात. वडिलांची जुनी फौजी रायफल नेली होती.
दोन आत. एक मागच्या पायात. एक सापडली नाही.
कारणं: रायफल १९३९ची. डास. वारा (राइली म्हणते, आज तिचं धुणंसुद्धा हललं नाही. धुणं ओलं होतं, ते कसं हलेल?).
पेंत्तीनं माझ्या खांद्यावर थोपटलं. मला भरून आलं. मग त्यानं हात उलटा करून मेलेला डास दाखवला.
तरी आज माझा मुद्दा सिद्ध झाला. जुन्या बंदुकीनं चांगल्या काडतुसाचं मातेरं केलं.

शनिवार, २४ जून. उन्हाळी सणाच्या शेकोटीजवळ.
तळ्याकाठी सगळा गाव. बंदुकांचा कारागीर तौनो सॉसेज भाजत होता. त्याला गाठून रायफलीचं काम दिलं. नवा सांगाडा, नवी नळी, त्रेपन्नसाठी. तो म्हणाला, "होईल." अर्ध्या तासानं, सॉसेज संपल्यावर, "पण कशाला?"
राइलीला सांगितलं, यंदा पैसे रायफलीला, सौनाची म्हणजे वाफेच्या न्हाणीची नवी भट्टी पुढच्या वर्षी घेऊ. ती उठून पोहायला गेली. तळं पार करून गेली. परत बरीच उशिरा आली. एवढी खुशीत पोहताना तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

गुरुवार, १३ जुलै.
वाटाण्याचं सूप. पोट जड.
तौनोकडे जाऊन आलो. तो कुरकुरतो आहे. त्रेपन्नच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकली की संपलं. नव्या रायफली बिनकडेच्या काडतुसांसाठी आखलेल्या असतात. मी म्हटलं, इच्छाशक्ती असेल तर सगळं बसतं. तो म्हणाला, "मॅगझिनमध्ये पाच काडतुसं मावतात सर. इच्छाशक्तीला जागा नाही."
कारखान्याचं उत्तर नाही. दोन महिने होऊन गेले. पत्र एका मजल्यावरून वरच्या मजल्यावर जात असणार.
चालणं: नाही. गुडघा.

शुक्रवार, ११ ऑगस्ट.
रायफल आली!!
काळी, सडपातळ, दुर्बीण अशी बसलीय की जन्मापासून तिथेच आहे. तौनोनं मॅगझिन तीनदा नव्यानं केलं म्हणे. रायफल स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवली. राइली दोन्ही बाजूंनी फिरून आली. म्हणाली, "छान आहे रे. हिच्यावर पाणी टाकलं की वाफ येईल का?"

शनिवार, १९ ऑगस्ट.
परीक्षा, दुसरी खेप. एक आत.
काडतुसं अडकली नाहीत, लोण्यासारखी सरकली. म्हणजे कारण दुसरं. नळी नवी आहे, रुळायला वेळ लागतो. शिवाय चाप फार हलका. तौनोला जड करायला सांगितलं.

बुधवार, २३ ऑगस्ट.
चाप आता फार जड. हलका करायला सांगितलं. तौनो म्हणाला, "आधी होता तेवढा?" होय, पण वेगळ्या पद्धतीनं, म्हटलं. त्यानं रायफल आत नेली, कॉफी प्यायला आणि परत आणून दिली. आता अगदी बरोबर आहे.

सोमवार, २८ ऑगस्ट.
कारखान्याचं उत्तर!
"आपल्या सविस्तर पत्राबद्दल आभार. सध्या अशी कोणतीही योजना नाही. सोबत एक टोपी पाठवत आहोत."
'सध्या' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. ज्यांना बोलणी तोडायची असतात ते टोपी पाठवत नाहीत. टोपी लहान होते, पण ताणली तर बसेल.

शनिवार, ९ सप्टेंबर.
परीक्षा, तिसरी खेप. दोन आत. चौथ्या गोळीच्या वेळी कोणीतरी खोकलं.
रांगेत पेंत्ती माझ्या पुढे होता. चार गोळ्या, चारही आत, पंचवीस सेकंदांत. त्याच्याकडे तेच ते तीनशे आठ. अशा सोप्या काडतुसानं माणूस आळशी होतो.
टोपी ताणताना उसवली.

शनिवार, २३ सप्टेंबर. दुपार.
यंदाच्या परीक्षेचा शेवटचा दिवस. जे झालं ते क्रमानं लिहितो.
आधी सराव होता. हेली म्हणाली, "सर, आज काडतूस मी भरून देते. एकेक. तुम्ही फक्त नेम धरा." बरं म्हटलं. पहिला बार झाला. दुसऱ्यांदा तिनं बोल्ट लावून रायफल हातात दिली. नेम धरला, चाप ओढला.
नुसतं खट् झालं. बार झालाच नाही. तिनं बिनदारूचं काडतूस भरलं होतं.
पण माझा खांदा उडाला. नळी वीतभर खाली गेली. आणि माझे डोळे मिटलेले होते. हे मला डोळे उघडले तेव्हा कळलं.
मागे पाचजण उभे होते. कोणी काही बोललं नाही. ही शांतता कशाची होती ते मला लिहिता येत नाही.
हेली हळू आवाजात म्हणाली, "सर, शाळेत मी एकदा म्हटलं होतं, कानस बोथट आहे. तुम्ही मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतंत." मी म्हटलं, तो वेगळा विषय आहे. "हो का," म्हणाली.
मग माझी रायफल घेतली आणि कागदी मूसवर चार गोळ्या झाडल्या. चारही भोकं एका कॉफीच्या बशीखाली झाकली गेली असती. रायफल परत देत म्हणाली, "झकास आहे सर. काडतूसही झकास. तुमचं म्हणणं खरं होतं."
मे महिन्यापासून या एका वाक्याची वाट बघत होतो. ऐकलं आणि रायफल पिशवीत घातली.
परीक्षा दिली नाही.

रविवार, २४ सप्टेंबर.
राइलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तुला मे महिन्यापासून माहीत होतं." नव्हतं, म्हटलं. "मला खोटं सांग," म्हणाली, "पण त्या वहीत तरी खरं लिही."
गेल्या हंगामात मी मूसची एक मादी जखमी केली. पोटात लागली. पळाली. पेंत्ती आणि त्याचा कुत्रा दीड दिवस दलदलीतून माग काढत फिरले. सापडली तेव्हा जिवंत होती. पेंत्तीनं काम संपवलं, मला रेडिओवर एवढंच सांगितलं की झालं. तेव्हापासून चापावर बोट गेलं की माझे डोळे मिटतात. जुन्या रायफलीवरही, नवीवरही.
माहीत होतं.

सोमवार, २५ सप्टेंबर.
कालचं पान फाडणार होतो. पण पाठीमागे ३ मेचे संकल्प उतरवून काढलेत, ते वाया जातील.

शनिवार, १४ ऑक्टोबर. संध्याकाळ.
हंगामाचा पहिला दिवस. मंडळानं माझ्याकडे रसदप्रमुखाची जबाबदारी सोपवली. साध्या भाषेत, झोपडीत थांबून सूप करायचं. जबाबदारी मोठी आहे, एकोणीस पोटं.
सकाळी पेंत्ती आला. त्याच्या दुर्बिणीत पाणी शिरलं होतं. माझ्या रायफलीकडे बघत उभा राहिला. तुझ्या परवान्यावर ही चालते ना, एवढंच मी विचारलं. त्यानं मान हलवली. दिली. देताना दस्ता पुसून दिला.
साडेअकराला एक बार ऐकू आला. एकच. कांदा चिरत होतो, डोळ्यांना पाणी आलं, त्याचं कारण कांदा.
मूसचं वासरू होतं, जागच्या जागी पडलं. झोपडीत रायफल हातोहात फिरली. एकानं दस्ता गालाला लावून बघितला. एकानं बोल्ट तीनदा मागेपुढे केला. दोघांनी तौनोला फोन करून सांगितलं, मलाही अशीच, त्रेपन्नमध्ये. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना आली हे कोणी विचारलं नाही. मी पळीनं भांड्यावर दोनदा वाजवलंही.
सूप खारट झालं होतं. त्यावर मात्र सगळे बोलले. सविस्तर.
रायफल परत ठेवताना पेंत्तीला म्हटलं, "त्या मादीचं... तू दीड दिवस चाललास." त्यानं बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला, "कुत्र्यालाही व्यायाम लागतो."

सोमवार, ३० ऑक्टोबर.
हेलीला फोन केला. विचारलं, डोळे मिटण्यावर काही उपाय असतो का, म्हणजे एका ओळखीच्या माणसासाठी. ती म्हणाली, "असतो की. सुरुवातीपासून शिकायचं. धक्का नाही, आवाज नाही, नुसती छऱ्याची बंदूक. मंगळवारी सहाला शाळेच्या हॉलमध्ये माझा वर्ग असतो. त्या माणसाला पाठवा." मोठ्यांचा वर्ग का, विचारलं. "वर्ग एकच आहे सर," म्हणाली.
राइलीनं सौनाची भट्टी मागवली. मला विचारलं नाही. बरं केलं.

मंगळवार, ७ नोव्हेंबर.
गेलो. छातीवर नावाची चिठ्ठी लावली: वेयो. खुर्ची गुडघ्याएवढी.
शेजारी आडा, वय नऊ. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तू डोळे मिटतोस. बंदूक चावत नाही." मी म्हटलं, माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. ती म्हणाली, "मग अजून याच गटात का?"
दहा छरे. शेवटच्या तीन वेळा डोळे उघडे राहिले. हेलीनं वहीत टिपलं, मी बघितलं.
निकाल: सात जणांत सहावा.
सातवी आली नव्हती. तिचा दात पडलाय.