स्लेटनांचं रिकामं घर

चि. लोवेल यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

तुझी तब्येत, गुडघ्याची नवी वाटी आणि त्या वाटीच्या जोरावर पुन्हा सुरू केलेलं गोल्फ, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मीही ठीक आहे. (ठीक म्हणजे डावा कान तसाच आहे, पण इथे ऐकण्यासारखं फारसं कोणी बोलत नाही, त्यामुळे अडत नाही.) एप्रिल निम्मा सरला तरी खाचखळग्यांत बर्फ आहे आणि उरलेल्या जागेत चिखल. तुमच्या अ‍ॅरिझोनात ऊन असणारच. दर पत्रात तू ते कळवतोस, म्हणून मी विचारत नाही.

तू पाठवलेला कागद मिळाला. एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. आपलं शेतावरचं घर गावच्या आगीच्या बंबवाल्यांना सरावासाठी जाळायला द्यायचं, मे महिन्याचा दुसरा शनिवार, खाली तुझी सही आणि माझ्या सहीच्या जागी तू पेन्सिलीने मारलेली फुली. तुझं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. रिकामं घर म्हणजे विम्याची कटकट, छपरातून पाणी, तळघरात बिऱ्हाड करणारे चोरटे रॅकून. इथे सगळे हेच करतात. बंबवाल्यांना सराव मिळतो, मालकाचा ताप जातो आणि आग विझली की चर्चच्या बायका सगळ्यांना जेवू घालतात. (लगेच चर्चमधल्या वर्लाचा फोन आला होता, बटाट्याचं मोठं भांडं मी आणीन का म्हणून. घर आमचं जळणार आणि वर बटाटेही मीच न्यायचे!) मग मी तुझ्याकडे यायचं आणि पोहण्याच्या तलावाकडे तोंड असलेल्या मागच्या खोलीत सुखाने राहायचं, असं तू लिहिलं आहेस. कागद साखरेच्या डब्याखाली जपून ठेवला होता. सही करणारच होते, पण मध्येच शिरगणती आली.

काउंटीने यंदा आपली आपण शिरगणती करायची ठरवली. किती माणसं, किती वयाची, कशा घरात राहतात, न्हाणीघर आत की बाहेर, पाणी कुठून येतं, सगळं लिहून घ्यायचं. शाळेची बस ठेवायची की नाही आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी नर्स एक दिवसावर आणायची का, हे त्यावरून ठरणार आहे. उत्तरेच्या भागासाठी माणूस मिळेना, तेव्हा कचेरीतल्या जेनेलने मला धरलं. उत्तरेतला प्रत्येक माणूस मला ओळखतो हे खरं, पण माझी निवड झाली ती मला गाडी चालवता येते आणि माझ्या घरी कोणी वाट बघत नाही म्हणून. कोणाच्या घरी किती माणसं आणि ती कोण, हे जिवंत माणसाला सांगणार नाही अशी जेनेलने माझ्याकडून हात वर करवून शपथ घेतली आहे. म्हणून मी तुला काही सांगत नाहीये, फक्त लिहिते आहे. वाचून झालं की पत्र जाळ. जाळण्याची तुला आवड आहेच.

पहिले चार दिवस मजेत गेले. अ‍ॅल्मा रूड, वय एक्क्याण्णव, तिला वंशाच्या रकान्यात 'लुथरन' लिहून हवं होतं. तो धर्म आहे असं म्हटलं, तर म्हणाली, "तू लिही गं, वरच्याला कळतं." ते दोघे रिस्ट बंधू अजून एकाच घरात राहतात आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनीही वेगवेगळ्या दारांशी मला सांगितलं की या घरात एकच माणूस राहतो. दोघांचीही कॉफी प्यावी लागली. एकूण सांगायचं तर उत्तरेत पासष्टीच्या वरचे लोक निम्म्याहून जास्त आहेत. वय विचारलं की प्रत्येकजण जन्मसाल सांगतो आणि वजाबाकी माझ्या गळ्यात टाकतो. तू आणि मी शाळेत होतो तेव्हा एकेका वर्गात जेवढी पोरं असायची, तेवढी आता अख्ख्या शाळेत नाहीत. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दारोदार फिरून स्वतःच्या हाताने लिहिणं वेगळं. तिसऱ्या दिवशी मी गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून थोडी रडले. मग सँडविच खाल्लं आणि पुढे गेले.

पाचव्या दिवशी मी आळस केला, आणि इथून पुढे जे झालं त्याला तो आळस कारणीभूत. सकाळी धान्याच्या कोठारावर कॉफीला गेले. तिथे नेहमीचे चार म्हातारे फासे टाकून त्या दिवशीची कॉफी कोणाच्या माथी मारायची ते ठरवत होते. मी म्हटलं, तीस मैल चिखल तुडवण्यापेक्षा यांनाच विचारावं. एकेका घराचं नाव घेत गेले, ते सांगत गेले. इथे घराला कोणाचं नाव चिकटतं ते तुला सांगायला नको. हान्सनांना जाऊन साठ वर्षं झाली, तरी अजून आपण 'हान्सनांपाशी डावीकडे' असंच म्हणतो. तर मी विचारलं, "हान्सन?" सगळे म्हणाले, "रिकामं." "वोल्ड?" "रिकामं." "स्लेटन?" यावर आपली जमीन कसणारा ऑर्विल स्टॅनेक फाशांवरची नजर न काढता म्हणाला, "रिकामं." बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. आणि मी, आर्डिस स्लेटन, त्याच घरात जन्मलेली, मीही मान हलवली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: रिकामं. (आईच्या माघारी सहा वर्षं मी त्या रस्त्याला फिरकले नव्हते, हे तुला माहीत नसेल. गावातच राहिले, चौदा मैलांवर. तुला अ‍ॅरिझोना गाठावं लागलं, मला चौदा मैल पुरले.)

जेनेलने कागद परत फेकले. म्हणाली, "आर्डिस, ही कॉफीच्या टेबलावरची गणती आहे. मला डोळ्यांनी पाहिलेली हवी. रिकामं असलं तरी जाऊन दार वाजवायचं." रिकाम्या घराचं दार वाजवणाऱ्याला काय म्हणतात ते मी तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि कागद पुन्हा माझ्या हातात दिले.

तेव्हा मागच्या आठवड्यात मंगळवारी गेले. आपल्या फाटकाशी गाडी जी रुतली, ती तिच्या दारांपर्यंत चिखलात बसली. बुटांत चिखल भरून घेत उतरले आणि समोर पाहिलं, तर दोरीवर कपडे वाळत होते. लहान मुलांचे पायमोजे, मोठ्यांच्या विजारी, एक फुलाफुलांचं पांघरूण. धुराड्यातून धूर. आई ज्या वाफ्यात तिची ग्लॅडिओलसची फुलं लावायची, तिथे लसणाची पात. मला आधी वाटलं चुकून दुसऱ्या घरी आले. पण पत्रपेटीवर बाबांनी स्वतः रंगवलेलं नाव होतं, शेवटचं अक्षर न मावल्यामुळे खाली घेतलेलं.

दार एका बाईने उघडलं. पस्तिशीची असेल, बुटकी, हाताला पीठ. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं, माझा कान मोडका, तरी जमलं.

"कोण पाहिजे?"

"इथे कोण राहतं ते लिहून घ्यायला आलेय."

"स्लेटन," असं म्हणून तिने पत्रपेटीकडे बोट दाखवलं.

"अगं, स्लेटन मी आहे!" मी छातीवरची नावाची पट्टी पुढे केली.

तिने पट्टी पाहिली, पेटी पाहिली, माझे बूट पाहिले. "मग तुम्ही पण आत या," म्हणाली, "पण बूट बाहेर."

तिचं नाव इल्दा. ऑर्विलच्या गोठ्यात ती आणि तिचा नवरा मकारियो दोघं दूध काढतात, पहाटे एक पाळी आणि दुपारी एक. मूळचे ग्वाटेमालाचे. मकारियोची आई दोन्या फेलिपा ('दोन्या' म्हणजे त्यांच्यातलं 'बाई'), त्याचा धाकटा भाऊ आणि तीन मुलं धरून सात माणसं. ऑर्विलने तीन वर्षांपूर्वी त्यांना इथे आणून सोडलं आणि सांगितलं, हे स्लेटनांचं घर. तेव्हापासून ते गोठ्यावर, दुकानात, शाळेत सगळीकडे 'स्लेटनवाले' झाले आहेत. (म्हणजे आपल्या माघारी आपलं खानदान वाढतं आहे, लोवेल. तू आणि मी काही हातभार लावला नाही, हे बरं.) छप्पर मकारियोने बांधून काढलं आहे. विहिरीचा पंप, जो बाबांच्या शिव्यांशिवाय कधी चालला नाही, तो नुसतं बटण दाबल्यावर चालतो. तळघरात रॅकून नाही, बटाटे आहेत. मी सगळं लिहून घेतलं. न्हाणीघर आत, पाणी विहिरीचं, छप्पर चांगलं. मग इल्दाने मक्याच्या भाकऱ्या आणि काळे घेवडे वाढले. पाय धुऊन त्या स्वयंपाकघरात बसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मला आईची आठवण त्रास न होता आली.

निघताना तिने मला एक गोष्ट विचारली. आठवड्यापूर्वी दोन माणसं येऊन घराभोवती टेप लावून मोजून गेली आणि चारही कोपऱ्यांवर लाल खुणा करून गेली. घरी एकटी दोन्या फेलिपा होती, तिने पडद्याआडून पाहिलं. "रंग देणार आहेत का हो मालक?" इल्दा म्हणाली. "द्यायचाच असेल तर पिवळा द्या म्हणावं."

लोवेल, त्या लाल खुणा म्हणजे आग कुठून लावायची त्याच्या होत्या. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, मालकांशी बोलते. मकारियोने ट्रॅक्टर जोडून माझी गाडी चिखलातून काढून दिली आणि मी त्याला धड 'आभारी आहे' असंही म्हटलं नाही.

तडक कोठारावर गेले. चौघेही होते, बंबवाल्यांचा मुख्य गेलन त्यांच्यातच.

"ऑर्विल, त्या घरात सात माणसं आहेत!"

"आहेत की."

"तू रिकामं म्हणालास!"

"रिकामंच आहे. स्लेटनांपैकी आहे का कोणी?" तो इतक्या सरळपणे म्हणाला की मला त्याला मारताही येईना. "आणि आग लावण्याआधी मी त्यांना हलवलंच असतं. राहायचा जुना ट्रेलर आहे ना माझा, चाकांवरचा."

"गेलन, दोरीवर कपडे दिसले नाहीत तुला?"

"दिसले," गेलन म्हणाला. "मला वाटलं ऑर्विलचे असतील."

"फुलाफुलांचं पांघरूण?"

गेलन खाली बघू लागला. "घरात शिरण्याआधी दार वाजवतोच आम्ही," म्हणाला. "नियमच आहे."

दुष्ट यातला कोणीच नाही. ऑर्विल आईच्या आजारपणात रोज बर्फ काढून आपली वाट साफ करून देत होता, हे तू विसरला असशील, मी नाही. पण चार भली माणसं एका टेबलाशी बसून सात माणसांच्या घराला रिकामं म्हणत होती, आणि पाचवी मी. माझ्या वहीत उत्तरेकडच्या भागात दहा वर्षांच्या आतली अकरा मुलं आहेत. त्यातली तीन आपल्या घरात. ती मोजली नाहीत तर बस बंद होते, आणि आम्ही म्हातारे मग म्हणत बसतो, बघा, गाव ओसाड पडलं. ओसाड कसलं! मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

असो. पत्र लांबलं. तुझा कागद इतके दिवस अडकला त्याचं कारण हे. बाकी सर्व कुशल. गुडघा जप.

तुझी बहीण,
आर्डिस

ता. क. पाकीट उलटंपालटं करू नकोस, तुझा कागद त्यात नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी शिरगणतीची बेरीज केली, ती जेनेलने ठेवून घेतली. सोबत दुसरा कागद आहे, घर इल्दा आणि मकारियोला रीतसर राहायला देण्याचा. माझी सही झाली आहे. तुझ्या जागी पेन्सिलीने फुली मारली आहे. कशी मारायची ते तुझ्याकडूनच शिकले.

ता. क. दुसरं. बंबवाले हिरमुसले होते, म्हणून ऑर्विलने स्वतःचा तो ट्रेलर जाळायला दिला. (मी त्याच्या समोर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे दिला.) मकारियोने बंबावर नाव नोंदवलं आहे. साठीच्या आतला माणूस मिळाला म्हणून गेलनने त्याला दोनदा मिठी मारली. बटाटे मी नेणार आहे.

ता. क. तिसरं. माझं विमानाचं तिकीट काढू नकोस, काढलं असलं तर परत कर. गावातली खोली मी सोडली. आईच्या शिवणकामाच्या खोलीत राहायला मिळेल का, असं मी इल्दाला विचारलं होतं. त्यांनी दार लावून अर्धा तास आपसात खल केला आणि मग दोन्या फेलिपाने विचारलं की तुमच्या वागणुकीची हमी कोण देईल. ऑर्विलने दिली. म्हणाला, जरा भांडते, पण बाई स्वच्छ आहे. शनिवारी सामान हलवलं. पाकिटाच्या मागे माझा नवा पत्ता लिहिला आहे. तुला पाठ असेल.