होर्डिंगमागचं घरटं

लातूर, ९ मार्च, संध्याकाळ

समोरच्या क्लासच्या होर्डिंगमागे घारीचं घरटं आहे. उद्या गुणवंतांचे जुने चेहरे उतरवणार, म्हणजे घरटंही खाली येणार. क्लासचा मालक गायकवाड माझाच विद्यार्थी. म्हणाला, "पिल्लं दाखवा बाई, थांबतो."

फोटो-स्टुडिओवाल्या सलीमभाईंनी कॅमेरा, लांबची लेन्स आणि चित्र मोठं करणारे दोन कन्व्हर्टर दिले आणि बजावलं, "लेन्समागं एक पॉइंट चार पटीचाच लावा. दुपटीच्यानं उजेड लई मरतो." मी ऐकलं नाही. मोठं दिसावं म्हणून दुपटीचाच लावला. तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, मला कोण शिकवणार? फोटो पाहून गायकवाड हसला. "बाई, हे तर काळं बोचकं हाय!"

लहान कन्व्हर्टर बसवला, गच्चीच्या कठड्यावर उशी ठेवून लेन्स टेकवली. बोचक्यातून दोन पिल्लं निघाली. छोटी आली, पण डोळे स्वच्छ. गायकवाड बराच वेळ त्या डोळ्यांकडे पाहत राहिला. "उडेपर्यंत हात लावत न्हाई."

म्हणजे होर्डिंगवरची गेल्या वर्षीची पोरं अजून महिनाभर पहिली राहणार. राहू देत.

सलीमभाईंना 'चुकले' म्हणायचं राहिलंय. फोन नको. कन्व्हर्टर परत करताना समोरच सांगेन.